विनोदात कोणाला जागा? सोंगाड्यापासून स्टँड-अपपर्यंत

(धाराशिव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



पत्रिकेवर विषय छापलाय 'विनोदाच्या क्षेत्रातील विविधता आणि समावेशन'. शब्द जड आहेत. त्यामुळे आधी ते जरा हलके करून घेऊ. आपण टीव्हीवर, नाटकात, जत्रेत, आता मोबाइलवर जे विनोद बघतो, त्यात कोणकोण आहे, कोण नाही, आणि जे आहेत ते तिथं कशासाठी आहेत, एवढाच हा प्रश्न आहे.

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मराठीत सोपी आहेत. मराठी विनोदात सगळे आहेत. खेडवळ माणूस आहे, मोलकरीण आहे, जाड बाई आहे, तोतरा आहे, बहिरा म्हातारा आहे, मराठवाड्यातला गडी आहे, पुरुषानं नेसलेली साडी आहे. डोकी मोजायची म्हटली तर आपला विनोद चांगलाच भरगच्च आहे. पण विनोदात माणसाला दोन तऱ्हेची जागा मिळते. एक, तो हसण्याचा विषय होतो. दोन, त्याला हसवण्याचा अधिकार मिळतो, म्हणजे कशावर हसायचं हे तो ठरवतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं पहिली जागा सगळ्यांना वाटून दिली गेली आणि दुसरी फार थोड्यांना. ज्यांनी ही दुसरी जागा कमावली होती, त्यांच्याकडूनही ती बऱ्याच वेळा काढून घेतली गेली.

तेरचं थापटणं

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. तेर इथून फार लांब नाही. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा वेगळ्या नजरेनं बघा. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमलीत. मुक्ताबाईंना तिथं थापटणं दिसतं. हे काय म्हणून विचारतात. गोरोबा सांगतात, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मुक्ताबाई म्हणतात, मग आमची पण मडकी तपासा की. झालं. गोरोबा थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत सुटतात. बाकीचे गप बसतात, नामदेव चिडतात. आणि गोरोबा निकाल देतात, हे मडकं कच्चं आहे.

ही गोष्ट कीर्तनात येते तेव्हा माणसं खळखळून हसतात. पुढं नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडं जातात, त्यांना गुरू भेटतो, तो भाग गंभीर आहे. पण हसू कुठं येतं ते बघा. प्रश्न एका मुलीनं विचारलाय. परीक्षा एक कुंभार घेतोय, तीही आपल्या धंद्याच्या हत्यारानं. त्याला दुसऱ्या कुणाची भाषा उसनी घ्यावी लागत नाही, पोथी उघडावी लागत नाही. आणि ज्याची फजिती होते तो मोठा माणूस आहे. कुंभारावर हसण्याची ही गोष्ट नाहीच. थापटणं त्याच्याच हातात आहे.

आता वर गोदेकाठी पैठणला या. एकनाथांनी भारुडं लिहिली, सोळाव्या शतकात. त्यात जोशी बोलतो, गोंधळी बोलतो, वासुदेव बोलतो, आंधळा-मुका-बहिरा बोलतो आणि 'जोहार' घालणारा महारही बोलतो. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. ज्याला गावात तोंड उघडायची सोय नव्हती, त्याच्या तोंडून नाथ गावाला शहाणपण सांगतात. पण शब्द नाथांचे आहेत. चोखोबांच्या नावावरही जोहार आहेत, नाथांच्या दोनेकशे वर्षं आधीचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकात दुसऱ्याच्या जागी उभं राहून केलेली सहानुभूती आहे, दुसऱ्यात स्वतःच्या जागेवरून घातलेला जोहार आहे. दोन्हीला किंमत आहे. पण दोन्ही एकच नाहीत, हे लक्षात ठेवा. पुढं तेच लागणार आहे.

सोंगाड्या काय करायचा?

महाराष्ट्रात पैसे घेऊन, पोट भरण्यासाठी विनोद करणारी जी मोठी परंपरा आहे ती तमाशाची. ती उभी केली प्रामुख्यानं महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या कलावंतांनी. पठ्ठे बापूराव हे कुलकर्णी, घरदार सोडून तमाशात गेले, पण ते अपवाद म्हणूनच प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठी विनोदाच्या धंद्यात वंचितांना आत कसं घ्यावं, हा प्रश्नच उलटा आहे. ते आधीपासून आत होते. धंदा त्यांचाच होता.

तमाशाचा क्रम तुम्हाला माहीत आहे. गण, गवळण, बतावणी, वग. बतावणीत आणि वगात सोंगाड्या येतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्यांच्या पदरी हा. कधी हवालदार, कधी नोकर. राजा बोलतो ठरलेलं. सोंगाड्या बोलतो सुचेल ते. गावात काल काय झालं, सरपंचानं काय खाल्लं, रस्ता कुठं गेला, हे सगळं तो राजाच्या दरबारात आणतो. राजा हुकूम सोडतो आणि हा त्या हुकमाचा असा काही अर्थ लावतो की हुकूमच हास्यास्पद होतो. समोर पहिल्या रांगेत गावचा पाटील बसलेला असतो. तोही हसतो. आपल्यावर हसतोय हे त्याला कळतं, तरी हसतो, कारण सोंगाड्याला ती मुभा आहे.

'गाढवाचं लग्न' हा वग घ्या. दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार म्हातारी माणसं अजून आठवतात. 1973 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वगात एक कुंभार आपल्या गाढवासाठी राजकन्येला मागणी घालतो. वेडेपणाच आहे. पण त्या वेडेपणातून राजाचा शब्द, राजाचा मान, राजाचा न्याय सगळंच तपासलं जातं. पुन्हा कुंभारच, बरं का.

यात लगेच हरखून जायचं कारण नाही. रात्री राजाला उलटं बोलणारा कलावंत सकाळी गावात कुठं बसायचा, कुठलं पाणी प्यायचा? मुभा बोर्डावरची होती आणि पहाटे कनात उतरली की ती संपायची. ही अट ज्यांना टोचली त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन नवं काही उभं केलं. आधी सत्यशोधक जलसे आले. मग 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्यांनी गवळण काढली, गण बदलला, बाईकडं बघून करायचे चावट विनोद काढले. पण सोंगाड्याचं काम ठेवलं. बावळट प्रश्न विचारणारा माणूस त्यांना हवा होता, कारण त्याच्या बावळट प्रश्नानंच रूढीचं पितळ उघडं पडतं. पुढं अण्णा भाऊ साठे आणि आपल्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी लाल बावटा कलापथकातून हेच केलं. त्यांचा सोंगाड्या गिरणीत गेला, शेतात गेला, सावकाराच्या दारात गेला.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच आपल्याकडं हा वाद होऊन गेलाय. कुणावर हसायचं, कोणता विनोद काढायचा, कोणता ठेवायचा, हे ज्यांच्यावर हसलं जात होतं त्यांनीच बसून ठरवलं होतं. 'हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे' असं कुणी म्हटलं तर त्यांना कर्डकांचं नाव सांगा.

मावशी पुरुषच का?

आता बायकांकडं येऊ. तमाशात सुरुवातीला बाईची कामंही पुरुषच करायचे, नाच्या पोऱ्या असायचा. पवळा हिवरगावकर आल्या आणि चित्र बदललं. बाई बोर्डावर आली, गायली, नाचली. पण गवळणीतली मावशी बघा. ती विनोदी आहे, हजरजबाबी आहे, कृष्णाला आणि पेंद्याला वाक्यावाक्याला टोले देते. ती पुरुषच करत राहिला, आजही करतो. सौंदर्य बाईकडं आणि विनोद पुरुषाकडं, अशी ही वाटणी झाली. बाईनं दिसायचं आणि पुरुषानं बोलायचं.

याला अपवाद झाल्या त्या बायका नुसत्या कलावंत नव्हत्या, फडाच्या मालकीण होत्या. कांताबाई सातारकरांनी वगात शिवाजी महाराज उभे केले. विठाबाई नारायणगावकरांनी प्रयोग सुरू असताना आत जाऊन बाळंतपण उरकलं आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत सांगितली जाते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मला त्यात एक प्रश्न दिसतो. त्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती? विठाबाईंना राष्ट्रपतींचं पदक मिळालं, त्यांच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, पण त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या लेकीनं, मंगला बनसोडेंनी, स्वतःचा फड चालवला. कुणाला बोर्डावर घ्यायचं, किती वेळ द्यायचा, हे फडाचा मालक ठरवतो. बाई मालक झाली की हे निर्णय तिच्या हातात येतात. समावेशाची चर्चा करताना आपण चेहरे मोजतो. सुपारी कुणाच्या नावानं फुटते, तेही मोजायला पाहिजे.

टीव्हीनं काय केलं? थोडं पुढं नेलं, थोडं तिथंच ठेवलं. निर्मिती सावंतांची गंगूबाई, पुढं विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे. या बायकांनी दाखवून दिलं की विनोदाचा टायमिंग काही मिशीवर अवलंबून नसतो. पण त्याच पडद्यावर साडी नेसलेला पुरुष हा हमखास हशा राहिला. पुरुषानं बाईचं सोंग घेणं यात मला काही वावगं वाटत नाही. सोंग ही आपली जुनी कला आहे. प्रश्न एवढाच विचारायचा, की तो बाईचं काम करतोय म्हणून हसू येतंय, की तो बाईसारखा दिसतोय एवढंच हसू आहे? दुसरं असेल तर त्या घरात बसलेल्या प्रत्येक बायकी चालीच्या मुलाला उद्या शाळेत काय ऐकावं लागतं, ते त्याला विचारा.

'काय करायलास?'

हा भाग तुमच्या माझ्या तोंडाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. आपण इथं काय म्हणतो? 'काय करायलास?', 'मी जायलोय.' आता टीव्हीवरचा गावचा माणूस आठवा. तो म्हणतो, 'काय करतुयास रं?', 'म्या जातुया.' हे कुठलं मराठी आहे? थोडं सातारा, थोडं कोल्हापूर, थोडं लेखकाच्या मनातलं. सिनेमानं आणि टीव्हीनं मिळून एक 'गावरान' भाषा तयार केली, ती कुठल्याच गावात कुणी बोलत नाही. उमरग्याकडं कन्नडचा हेल लागतो, आपल्या शहरातल्या मुसलमान घरांत दखनी बोलतात, बीड-जालन्याकडं 'मपलं-तुपलं' म्हणतात. यातलं काहीही त्या भाषेत नाही. आहे ते फक्त एक काम करायला, हा माणूस अडाणी आहे हे पहिल्या वाक्यात कळवायला.

इथं मला अमेरिकेतला एक माणूस आठवतो. एकोणिसाव्या शतकात तिकडं मिन्स्ट्रेल नावाचे खेळ चालायचे. गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे आणि गोरे प्रेक्षक हसायचे. पुढं बर्ट विल्यम्स नावाचा अतिशय गुणी कृष्णवर्णीय विनोदी नट आला. त्यालाही रंगमंचावर तोंडाला काळं फासूनच उभं राहावं लागलं. तो कृष्णवर्णीय होताच! पण प्रेक्षकांना खरा माणूस नको होता, त्यांच्या सवयीचा नकली हवा होता. आपल्याकडचा एखादा नट मुंबईत ऑडिशनला जातो, अस्सल 'जायलोय' बोलतो आणि त्याला सांगतात, 'जरा अजून गावाकडचं बोल.' तेव्हा यापेक्षा वेगळं काय घडतं?

याला छेद देणारं मोठं काम मराठवाड्यातच झालं. डॉ. लक्ष्मण देशपांडे, मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख. एकटा माणूस, गळ्यात एक उपरणं, आणि 52 पात्रं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. गिनीज बुकात नोंद झाली ती वेगळी. मला त्यातलं मोठेपण असं वाटतं, की विमानात बसणाऱ्या त्या वऱ्हाडाची फजिती आहे, त्यांच्या अज्ञानावर हसू आहे, पण सांगणारा त्यांच्यातनं उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसत नाही. भांडणारे पाव्हणे, रडणाऱ्या बायका सगळे त्याच्याच अंगातनं येतात आणि सगळ्यांची वाक्यं त्यांच्या स्वभावातनं येतात. मकरंद अनासपुरेंनी पुढं सिनेमात मराठवाडी बोलणारा माणूस मित्राच्या नोकरावरून नायकावर आणला. बोली तीच होती, फक्त आता ती बोलणाऱ्याला कथा चालवायची होती.

टीव्हीवरही असं घडलेलं आहे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 मध्ये सुरू झाली. त्यातल्या गौरव मोरेनं पवईतल्या आपल्या फिल्टरपाड्याचं नाव लपवलं नाही. उलट तेच नाव घेऊन तो एंट्री घ्यायला लागला. ज्या वस्तीचा पत्ता सांगताना पोरं आवाज खाली घेतात, तो पत्ता टाळ्यांचा झाला. हे लहान नाही.

एकट्यानं माईकसमोर

आता स्टँड-अप. 2016 नंतर भाडिपासारख्या मंडळींनी मराठी स्टँड-अपला यूट्यूबवर प्रेक्षक मिळवून दिला. स्टँड-अपमध्ये सोंग नाही. माणूस स्वतःच्या नावानं उभा राहतो आणि स्वतःचं आयुष्य सांगतो. त्यामुळं इथं माणूस कुठून आलाय याला फार महत्त्व येतं. सुरुवातीचे विषय आठवा. इंजिनीअरिंग, पुण्याच्या पाट्या, आयटी कंपनी, परदेशात गेलेला मित्र. चांगले विनोद होते, पण ते एका घरातले होते.

आपल्या शेजारच्या बीडची अंकुर तांगडे या क्षेत्रात आली. ती जातीबद्दल बोलते, बाई असण्याबद्दल बोलते, आणि हसवते. ती आणि इतर काही दलित स्टँड-अप कलाकार एकत्र आले आणि त्यांनी गटाचं नाव ठेवलं 'ब्लू मटेरियल'. या नावात गंमत आहे. इंग्रजी विनोदाच्या धंद्यात चावट, अश्लील विनोदाला ब्लू मटेरियल म्हणतात. आणि निळा रंग कुणाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. सभ्य बैठकीत जसा चावट विनोद चालत नाही, तसाच जातीचा विषयही चालत नाही. त्यांनी दोन्ही एका शब्दात पकडलं. कर्डकांच्या जलशातला सोंगाड्या नव्वद वर्षांनी माईक घेऊन आला, असं मला वाटलं.

पण इथंही एक धोका आहे. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबीनं 2018 च्या 'नॅनेट' या कार्यक्रमात तो सांगितला. ती लेस्बियन आहे, जाड आहे, आणि वर्षानुवर्षं स्वतःवरच विनोद करून तिनं टाळ्या घेतल्या. मग तिनं भर कार्यक्रमात सांगितलं की आधीच कडेला ढकललेल्या माणसानं स्वतःची टिंगल करणं ही नम्रता नसते, बोलायची परवानगी मिळावी म्हणून तो करत असलेला स्वतःचा अपमान असतो. आपल्याकडच्या जाड नटीला स्वतःच्या वजनावर, सावळ्या नटाला स्वतःच्या रंगावर किती विनोद करावे लागतात ते मोजा. 'ती स्वतःच करते की' हे उत्तर पुरेसं नाही. तिला दुसरं काही करायला लिहून दिलं होतं का, हे विचारायचं.

कोर्टानं केलेला फरक

हे सगळं नुसतं मतांचं नाही. 8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं निपुण मल्होत्रा विरुद्ध सोनी पिक्चर्स या खटल्यात निकाल दिला. 'आँख मिचोली' या हिंदी सिनेमात अपंग पात्रांची टिंगल आहे, अशी तक्रार होती. न्यायालयानं विनोदावर सरसकट बंदी घातली नाही. त्यांनी दोन विनोदांत फरक केला. एक विनोद अपंग माणसाला आणखी खाली ढकलतो. दुसरा अपंगत्वाबद्दलच्या आपल्या समजुती उलट्यापालट्या करतो. पहिल्यापासून सावध राहा, दुसऱ्याला जागा द्या. आणि एक तत्त्व त्यांनी उचलून धरलं, ते अपंगांच्या चळवळीचंच आहे. आमच्याबद्दल जे काही करायचं, ते आम्हाला सोबत घेऊन करा.

तोतरा आणि बहिरा ही आपल्या प्रहसनांची जुनी भांडवलं आहेत. बहिऱ्याला भलतंच ऐकू येतं आणि हशा पिकतो. नाथांच्या भारुडातला बहिरा आठवा. तिथं बहिरेपणाचा टोला ऐकू येत असून न ऐकणाऱ्यांना आहे. हत्यार तेच, पण मार वेगळ्या जागी बसतो.

म्हणून मी तुम्हाला तीन प्रश्न देऊन ठेवते. पुढच्या वेळी एखादा विनोद बघाल तेव्हा विचारा. पहिला, फजिती कुणाची होतेय, ज्याच्याकडं ताकद आहे त्याची की ज्याच्याकडं नाही त्याची? दुसरा, ज्याच्यावर विनोद आहे तो समोर बसला असता तर हा विनोद असाच केला असता का? तिसरा, हे लिहिलं कुणी आणि याचे पैसे कुणाला मिळाले? तीनही प्रश्नांना चांगली उत्तरं असलेला विनोद कमी हसवतो, असा माझा अनुभव नाही.

एक शेवटचं. 2020 च्या जानेवारीत याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू. विरोध झाला, तरी या गावानं ते संमेलन नेटानं पार पाडलं. व्यासपीठावर कुणाला बसवायचं, हे लहान शहरंही ठरवू शकतात. विनोदाचं व्यासपीठ तर आणखी सोपं आहे. एक माईक, एक खोली आणि पन्नास खुर्च्या.



प्रश्नोत्तरं

प्रश्न (विद्यार्थी): मॅडम, प्रत्येक शब्द तोलून बोलायचं म्हटलं तर विनोद होणारच नाही. लोक लगेच दुखावतात.

उत्तर: दुखावण्याबद्दल मी काही बोललेच नाही बघा. सोंगाड्यानं पाटलाला दुखावलंच होतं. दुखावलं म्हणून विनोद बंद करा, असं म्हटलं तर सगळ्यात आधी गप्प बसवला जाईल तो दुबळाच, कारण ताकदवाल्याला दुखावून घ्यायला आणि तक्रार करायला वेळ आणि वकील दोन्ही असतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली होती, तीही सभ्यतेच्याच नावानं. म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही. मी मेहनतीच्या बाजूची आहे. जाड बाई खुर्चीत अडकली, हा विनोद लिहायला दोन मिनिटं लागतात. तीच बाई डॉक्टरला, शिंप्याला आणि सासूला कशी पुरून उरते हे लिहायला आठवडा लागतो. तोलायचं ते यासाठी.

प्रश्न (प्राध्यापक): पण बोलीचा विनोद काढला तर ग्रामीण विनोद उरतो काय?

उत्तर: बोली काढू नका. बोलीत विनोद करा, बोलीवर नको. द. मा. मिरासदारांच्या आणि शंकर पाटलांच्या कथा बघा. माणसं गावची भाषा बोलतात, पण हसू त्यांच्या इरसालपणातनं येतं. 'जायलोय' म्हणणारा माणूस हुशार असू शकतो, लबाड असू शकतो, कलेक्टर असू शकतो. मूर्खही असू शकतो, तेही चालेल. फक्त 'जायलोय' म्हणतो म्हणून मूर्ख असू नये.

प्रश्न (विद्यार्थिनी): आमच्याकडं मुलगी गॅदरिंगला नाचली तर चालतं. पण कॉमेडी केली तर म्हणतात, जरा जास्तच झालं. घरचे पण म्हणतात. काय करावं?

उत्तर: तुम्ही मघाच्या मावशीचाच प्रश्न विचारलात. नाचणारी मुलगी चालते, बोलणारी चालत नाही. एकटीनं सुरुवात करू नका, तिघी-चौघी मिळून करा. युवक महोत्सवात प्रहसन असतं, मिमिक्री असते, तिथं नाव द्या. आणि संहिता स्वतः लिहा. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रहसनात तुम्हाला बायको नाहीतर मैत्रीण मिळेल. स्वतः लिहिलंत तर सरपंच मिळेल. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी भारूड करतात. बाईनं केलेलं भारूड हसवतं का, ही शंका असेल तर एकदा त्यांना ऐका. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. एकदा सासू-सुनेचा टोला बरोबर बसला आणि तुमची आई हसली, की निम्मं काम झालं.

प्रश्न (ज्येष्ठ श्रोते): तमाशाच आता राहिला नाही. मग कशाचा समावेश आणि कसलं काय?

उत्तर: तुमचं दुखणं खरं आहे. नारायणगावात चैत्राच्या सुमारास राहुट्या लागतात, गावपुढारी येऊन सुपाऱ्या देतात, त्यावर फडाचं वर्ष ठरतं. करोनात ते ठप्प झालं तेव्हा कर्जात गेलेले फड सगळे सावरले नाहीत. ज्यांनी मराठीला हसायला शिकवलं त्यांना निवृत्तीचं वेतन मिळवायला सरकारी कचेरीत खेटे घालावे लागतात. म्हणून मी तिसरा प्रश्न पैशाचा ठेवला. आपल्या गावच्या जत्रेत यंदा डीजेला किती दिले आणि तमाशाला किती, हे ग्रामसभेत विचारा. समावेश तिथूनही सुरू होतो. आणि फड आला तर सोंगाड्याला गावचे चार खरे प्रश्न आधी सांगून ठेवा. पुढचं तो बघून घेईल.